गाव सापडल्याशिवाय बेटांकडे वळू नका: अझोर्सहून आलेल्या पूर्वजांचा शोध

मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड आणि फॉल रिव्हर या शहरांत पोर्तुगीज आडनावं पावलापावलाला भेटतात. यातली बरीचशी घराणी अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरून आलेली. माझं सासरही त्यातलंच. नवऱ्याच्या पणजोबांपासून मागे जायचं ठरवून जानेवारीत काम हाती घेतलं आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत एक शाखा अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेता आली. दुसरी वाटेत अडली, ती अजून अडलेलीच आहे. या वाटेला लागणाऱ्याला कुठे काय मिळतं, कुठे किती थांबावं लागतं आणि कुठे फसायला होतं, ते क्रमाने लिहिते.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. अझोर्सची बेटं नऊ: साओ मिगेल, सांता मारिया, तेर्सैरा, ग्रासिओझा, साओ जॉर्ज, पिको, फयाल, फ्लोरेस आणि कोर्वो. प्रत्येक बेटाचे कोन्सेल्यु, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यासारखे भाग, आणि प्रत्येक कोन्सेल्युत अनेक फ्रेगेझिया, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या वह्या फ्रेगेझियावार आहेत. सगळ्या बेटांवर नाव टाकून शोधता येईल अशी एकच सूची नाही. आणि नावं म्हणाल तर मानुएल, जुझे, आन्तोनिओ, मरिया, रोझा यांतच सगळं बेट. त्यामुळे फ्रेगेझिया कळली नसेल तर बेटांच्या वह्या उघडण्यात महिने जातात आणि हाती काही लागत नाही. फ्रेगेझियाचं नाव मिळतं ते अमेरिकेतल्या कागदांत. म्हणून कामाचा पहिला अर्धा भाग समुद्राच्या अलीकडेच करायचा.

जानेवारीत घरातले कागद काढले. मयताच्या प्रार्थनेची छापील कार्डं, वर्तमानपत्रातली निधनवार्तेची कात्रणं, जुन्या फोटोंच्या मागचे स्टुडिओचे शिक्के, बायबलात खोचलेल्या तसबिरी. सासूबाईंना मी प्रश्न विचारले ते नावांचे कमी आणि माणसांचे जास्त: लग्नाला कोण उभं राहिलं होतं, पहिल्यांदा कुणाच्या घरी उतरले, सणाला कुणाकडे जायचे. गडी ज्याच्या घरी उतरतो तो बहुधा गाववाला किंवा मामा-काका असतो, हे पुढे फार उपयोगी पडतं. घरात ‘आपण फयालचे’ असं सगळे सांगत होते. ही समजूत अनेक घरांत असते, कारण फयालचं होर्ता हे बंदर न्यू बेडफर्डच्या देवमाशांच्या शिकारी जहाजांचा नेहमीचा थांबा होता आणि जुन्या अमेरिकनांच्या तोंडी तेच नाव बसलेलं. पण पणजीच्या तसबिरीत सेन्योर सांतु क्रिश्तु दुश मिलाग्रेशचं, म्हणजे चमत्कारांच्या प्रभू ख्रिस्ताचं, चित्र होतं, आणि ही भक्ती मुळात साओ मिगेलची, तिथल्या पोन्ता देल्गादा शहराची. पुरावा म्हणून हे कच्चं आहे. तरी संशय घ्यायला पुरेसं होतं.

आडनावांचं टिपण पहिल्याच दिवशी करून ठेवा. परेराचं पेरी, रॉड्रिग्जचं रॉजर्स, सिल्वाचं सिल्विया, ऑलिव्हेराचं ऑलिव्हर, रैशचं किंग असे बदल सर्रास झाले. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन आडनावं लावलेली सापडतात, कारण बेटांवर मुलाने बापाचंच आडनाव लावावं असा काटेकोर नियम नव्हता. आईचं, आजोबांचं, क्वचित टोपणनावही आडनाव म्हणून चालायचं. बायकांची तऱ्हा आणखी वेगळी. द जेझुश, द कोन्सैसांव, दु एश्पिरितु सांतु, दुश आंजुश अशी भक्तिपर नावं त्यांना असत आणि आयुष्यात ती बदलतही असत. म्हणून कुठल्याही सूचीत शोधताना आडनाव सोडून द्या. पहिलं नाव, अंदाजे जन्मवर्ष, नवरा किंवा बायको आणि पत्ता यांवर शोधा. माझ्या वहीत प्रत्येक माणसापुढे ‘कागदात असं लिहिलंय’ हा वेगळा रकाना होता, आणि त्यात स्पेलिंग सुधारायचं नाही हा नियम.

फेब्रुवारीत जनगणना हाताळली. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे आणि अमेरिकी जनगणनेचे 1950 पर्यंतचे कागद खुले आहेत, कारण ते 72 वर्षांनी उघडतात. 1890 ची जनगणना विसरा, 1921 च्या आगीनंतर तिचं जवळपास काहीच उरलेलं नाही. 1900 च्या जनगणनेत जन्माचा महिना आणि वर्ष आहे, इतर वर्षी फक्त वय. 1900 ते 1930 या चारही जनगणनांत देशात आल्याचं वर्ष विचारलेलं आहे, पण त्यावर विसंबू नका. आमच्या पणजोबांचं ते 1902, 1903 आणि 1905 असं तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं आहे. जवळचा मधला अंक धरून दोन वर्षं मागेपुढे शोधायचं. नागरिकत्वाच्या रकान्यात दोन अक्षरं असतात: ‘एन-ए’ म्हणजे नागरिक झालेला, ‘पी-ए’ म्हणजे पहिला अर्ज केलेला, ‘ए-एल’ म्हणजे परकी. 1920 ला ‘पी-ए’ आणि 1930 ला ‘एन-ए’ दिसलं, म्हणजे मधल्या दहा वर्षांत कुठल्यातरी न्यायालयात त्यांचे कागद पडलेले आहेत, एवढं कळलं. जनगणनेतून गाव मात्र कळत नाही. जन्मस्थानापुढे ‘पोर्तुगाल’, ‘अझोर्स’ किंवा जुन्या कागदांत ‘वेस्टर्न आयलंड्स’ एवढंच असतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची राज्यस्तरीय नोंद 1841 पासून आहे, ही मोठी सोय. लग्नाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं नाव धरून. पणजोबांचं लग्न 1910 चं. त्यांच्या आईचं नाव तिथेच पहिल्यांदा मिळालं, कारकुनाने इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेलं. मृत्यूच्या दाखल्यावरच्या नावांना मात्र कमी भाव द्या. ती माहिती देणारा मुलगा किंवा जावई असतो, आणि त्याने आजी-आजोबांना पाहिलेलंही नसतं.

जहाजांच्या याद्यांत मार्च गेला. इथे वर्ष फार महत्त्वाचं. 1893 नंतरच्या याद्यांत शेवटचा मुक्काम आणि अमेरिकेत कुणाकडे चाललाय ते असतं. जन्मगाव आणि मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता हे रकाने 1906-07 च्या सुमाराला आले. पणजोबा 1903 ला आले, म्हणजे जन्मगाव नाही. पण ‘मामाकडे, न्यू बेडफर्ड’ हे होतं, मामाच्या नावासकट, आणि ते नाव आईच्या माहेरच्या नावाशी जुळलं. माणूस तोच, याची खात्री अशी दोन वेगळ्या कागदांतून पटते. नुसतं नाव आणि वय जुळलं म्हणून पुढे जाऊ नये. बोस्टन आणि न्यूयॉर्क एवढीच बंदरं पाहून थांबू नका. न्यू बेडफर्ड आणि प्रॉव्हिडन्सलाही अझोर्सची माणसं उतरत. फाब्र लाइन या कंपनीची प्रवासी जहाजं 1911 पासून प्रॉव्हिडन्सला लागत. तुमचे पूर्वज त्याही आधी देवमाशांच्या जहाजावर खलाशी म्हणून आले असतील, तर प्रवासी यादीत त्यांना शोधू नका. न्यू बेडफर्डच्या सार्वजनिक वाचनालयाने जपलेल्या खलाशांच्या याद्या पाहा. त्यांत नावं बरीच इंग्रजाळलेली असतात.

मग पहिल्या महायुद्धाची सैन्यभरतीची कार्डं. नागरिक नसलेल्यांनाही ही नोंदणी सक्तीची होती, त्यामुळे गिरणीतला कामगारही त्यात सापडतो. पण तीन वेळा नोंदणी झाली आणि तिन्ही वेळचे फॉर्म वेगवेगळे आहेत. 5 जून 1917 च्या फॉर्मवर (वय 21 ते 30) जन्मगाव, प्रांत, देश असा सरळ प्रश्न आहे. 12 सप्टेंबर 1918 च्या फॉर्मवर, जो उरलेल्या 18 ते 45 वयाच्या सगळ्यांनी भरला, जन्मस्थानाचा प्रश्नच नाही. पणजोबा 1884 चे, म्हणजे नेमके या 1918 च्या गटात. त्यांचं 27 एप्रिल 1942 च्या नोंदणीचं कार्डही आहे, ती 45 ते 64 वयाच्या पुरुषांची होती आणि तिच्यात जन्मस्थान विचारलेलं आहे. तिथे फक्त ‘सेंट मायकल’, म्हणजे साओ मिगेल. बेट नक्की झालं, फयालचा विषय संपला, गाव राहिलंच.

अशा वेळी भावंडांकडे वळायचं. धाकटा भाऊ 1890 चा, म्हणून त्याचं कार्ड 5 जून 1917 चं. त्यावर ‘आग्वापाव’ असं काहीतरी एका शब्दात घसटलेलं. साओ मिगेलच्या सहा कोन्सेल्युंतल्या सगळ्या फ्रेगेझियांची यादी शेजारी ठेवली आणि मोठ्याने वाचत गेले. लागोआ कोन्सेल्युतलं आग्वा द पाव, दुसरं काही बसतच नाही. कारकुनाने लिहिलेलं नाव डोळ्यांनी जुळवण्यापेक्षा कानांनी जुळवावं, कारण त्यानेही ते कानांनीच घेतलेलं असतं.

एका कागदावर विसंबायचं नाही म्हणून मे महिन्यात दोन गोष्टी समांतर चालवल्या. पहिली, नागरिकत्वाचे कागद. 27 सप्टेंबर 1906 नंतर या अर्जांचा फॉर्म देशभर एकच झाला आणि त्यात जन्मतारीख, जन्मस्थान, जहाज, येण्याची तारीख हे सगळं आलं. त्याआधीचे कागद कोरडे असतात, ‘पोर्तुगालच्या राजाशी निष्ठा सोडतो’ इतपतच. अर्ज संघराज्याच्या न्यायालयात केलेला असू शकतो, तसाच परगण्याच्या न्यायालयातही. दोन्हीकडे पाहावं लागतं. संघराज्याच्या न्यायालयांचे न्यू इंग्लंडमधले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वॉल्थमच्या शाखेत असतात. आणखी एक बारकावा: जहाजाची तारीख सरकारने तपासून दाखला जोडायची पद्धत 29 जून 1906 नंतर आलेल्यांनाच लागू होती. त्याआधी आलेल्याने अर्जात सांगितलेलं जहाज निव्वळ आठवणीतलं असतं. आमच्या अर्जातलं जहाज चुकीचंच निघालं, यादीतलं बरोबर.

बायकांचं काय, हा प्रश्न इथे येतोच. 22 सप्टेंबर 1922 च्या आधी नवरा नागरिक झाला की बायको आपोआप नागरिक होई, त्यामुळे तिचे वेगळे कागद नसतात. त्यानंतर नवरा नागरिक झाला तर बायको परकीच राही, आणि संशोधकाच्या दृष्टीने ते चांगलं, कारण 1940 मध्ये 14 वर्षांवरच्या सगळ्या परकीयांना नोंदणी करावी लागली. त्या फॉर्मवर जन्माचं गाव, येण्याचं बंदर, जहाज हे सगळं असतं. पणजोबा 1926 ला नागरिक झाले, म्हणून पणजीचा 1940 चा फॉर्म असायलाच हवा होता, आणि होता. तो नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याच्या वंशावळ विभागाकडून मागवावा लागतो: आधी सूचीतला शोध, मग प्रत्यक्ष कागद, दोन्हींचं शुल्क वेगळं. ऑनलाइन अर्ज कागदी अर्जापेक्षा स्वस्त पडतो. जन्माला शंभर वर्षं उलटून गेली असतील तर मृत्यूचा पुरावा जोडावा लागत नाही. वाट मात्र महिनोनमहिने पाहावी लागते, म्हणून हा अर्ज सगळ्यांत आधी टाकून द्यावा आणि विसरून जावं. 1936 नंतर नोकरीत असलेल्यांसाठी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या, मूळ अर्जाची प्रतही मागवता येते. वीसेक डॉलर लागतात, आणि त्यात माणसाने स्वतः सांगितलेली आईवडिलांची नावं असतात. मुलांनी सांगितलेल्यापेक्षा ती कितीतरी भरवशाची.

दुसरी गोष्ट चर्चची. न्यू बेडफर्डचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे 1871 मध्ये सुरू झालेलं, अमेरिकेतलं पहिलं पोर्तुगीज पॅरिश (चर्चच्या हद्दीतला भक्तसमुदाय) होतं. 1908 च्या ईस्टरपासून कॅथलिक चर्चमध्ये नवा नियम आला: लग्न लावणाऱ्या धर्मगुरूने ते वधू-वरांच्या बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवायचं. त्यामुळे 1908 नंतरच्या चर्चच्या लग्ननोंदीत बाप्तिस्म्याचं पॅरिश सापडण्याची शक्यता बरीच वाढते, आणि सरकारी नोंदीत जे नसतं ते तिथे मिळतं. म्हणून लग्नाची सरकारी प्रत हातात असली तरी चर्चची वेगळी मागा. मागताना दोघांची नावं पोर्तुगीज आणि इंग्रजी दोन्ही रूपांत, आईवडिलांची नावं आणि लग्नाची तारीख लिहा. शुल्क ठरलेलं नसेल तर छोटी देणगी पाठवायची रीत आहे. उत्तर यायला उन्हाळा गेला. आलं त्यात गावाचं नाव नव्हतं, चर्चचं होतं: नोसा सेन्योरा दुश आंजुश. आग्वा द पावचं ग्रामदैवत तेच. एका संताच्या नावाची चर्चं बेटांवर अनेक असतात, नुसत्या त्यावर उडी मारली असती तर फसगत होती. पण भावाचं कार्ड आणि हे, दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाले.

गावांच्या नावांचंही तसंच आहे. रिबैरिन्या साओ मिगेलवर आहे, तेर्सैरावर आहे, पिकोवर आहे, फयालवरही आहे. सांता बार्बरा आणि लाजेश यांची तीच गत. बेट ठरल्याशिवाय नुसतं गाव कामाचं नाही.

सप्टेंबरात शेवटी बेटांच्या वह्या उघडल्या. अझोर्स सरकारच्या सांस्कृतिक विभागाने या वह्यांच्या पानांच्या प्रतिमा फुकट खुल्या केल्या आहेत: बेट, कोन्सेल्यु, फ्रेगेझिया, प्रकार, वर्षं असं खाली खाली उतरत जायचं. घरबसल्या, एक पैसा न भरता. नावाने शोध नाही. पण 1860 नंतरच्या बऱ्याच वह्यांत वर्षाच्या शेवटी सूची असते, ती पहिल्या नावाच्या अक्षरक्रमाने. कारण बाळाला बाप्तिस्म्याच्या वेळी आडनाव दिलंच जात नसे. समासात क्रमांक आणि ‘मानुएल’, एवढंच. त्यामुळे 1884 चे सगळे मानुएल काढायचे आणि एकेकाचे आईबाप पाहायचे. अमेरिकेत सांगितलेल्या जन्मतारखेवर जाऊ नका. दोन वर्षं अलीकडे, दोन पलीकडे चाळा. दिवस आणि महिना बहुतेक वेळा बरोबर असतो, वर्ष चुकतं.

1860 ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी. तेव्हापासून नोंदीचा मजकूर ठरावीक साच्यात, दोन प्रतींत लिहायचा नियम झाला आणि बाप्तिस्म्यात चारही आजी-आजोबांची नावं आली. एक नोंद फोडून दाखवते. सुरुवात ‘आउश’ या शब्दाने, मग अक्षरांत तारीख, ही बाप्तिस्म्याची. जन्माची तारीख तीन-चार ओळी खाली ‘नाश्सेउ’ या शब्दानंतर, तासासकट, पहाटे चार वाजता वगैरे. मग ‘फिल्यु लेजितिमु द’, म्हणजे औरस मुलगा, अमक्याचा. बापाच्या नावापुढे धंदा. ‘जुर्नालैरु’ दिसलं तर रोजंदारीवरचा मजूर, आणि हा शब्द फार वेळा दिसतो. पुढे ‘नातुराइश’ म्हणजे आईबाप मूळचे कुठले, आणि त्याला लागून ‘रेसेबिदुश’ म्हणजे त्यांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं. हा शब्द सोन्याचा. पुढची वही कुठल्या फ्रेगेझियाची उघडायची ते तो सांगतो. मग ‘नेतु पातेर्नु द’, बापाकडचे आजी-आजोबा, आणि ‘मातेर्नु द’, आईकडचे. शेवटी ‘पाद्रिन्यु’ आणि ‘माद्रिन्या’, धर्माचे आईबाप. त्यांची नावं टिपायला विसरू नका. यादीतला मामा आम्हाला धाकट्या भावाच्या नोंदीत पाद्रिन्यु म्हणून भेटला, आणि अमेरिकेतली माणसं आणि वहीतली माणसं एकच, याला त्याने पक्कं कुलूप लागलं. अगदी तळाशी बहुतेकदा ‘लिहिता येत नसल्याने सही केली नाही’ असं असतं.

समासाकडेही पाहा. 1908 च्या त्याच नियमामुळे अमेरिकेत लागलेलं लग्न कधीकधी बेटावरच्या बाप्तिस्म्याच्या समासात टिपलेलं असतं.

वळणदार हस्ताक्षराला घाबरायचं कारण नाही, पण घाईही नको. मजकूर साच्यातला असल्यामुळे कुठल्या ओळीत काय येणार हे आधीच माहीत असतं. त्यातल्या ओळखीच्या शब्दांवरून त्या धर्मगुरूच्या अक्षरांचा तक्ता करायचा, आणि वहीत नवा धर्मगुरू आला की नवा तक्ता. नावं तोडून लिहिलेली असतात, शेवटचं अक्षर वर बारीक काढलेलं: ‘मानुएल’चं ‘मेल’, ‘फ्रान्सिश्कु’चं ‘फ्रको’, ‘मरिया’चं ‘एम’ आणि वर ‘आ’. महिन्यांचा सापळा वेगळाच. ‘7ब्रु’ दिसलं की हात जुलैकडे जातो; तो सप्टेंबर असतो, कारण लॅटिनमधला सातवा महिना तो. तसाच ‘8ब्रु’ ऑक्टोबर, ‘9ब्रु’ नोव्हेंबर, ‘10ब्रु’ डिसेंबर. फॅमिलीसर्चवर लोकांनी घातलेल्या वंशावळीच्या झाडांमध्ये ही गफलत मला वारंवार दिसली, म्हणून कुणाच्याही झाडातली तारीख मूळ पान पाहिल्याशिवाय उचलू नका.

मागे जायचा रस्ता लग्नांच्या नोंदींतून जातो. 1860 च्या आधीच्या बाप्तिस्म्यात आजी-आजोबा असतीलच असं नाही, पण लग्नात दोघांचे आईबाप असतात. म्हणून एक लग्न, त्यातून चार आईबाप, मग त्यांची लग्नं, अशी शिडी. पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापासून मागे एकेक वर्ष चाळत गेलं की लग्न सापडतं. नाही सापडलं तर लग्न बायकोच्या फ्रेगेझियात लागलेलं असतं, तिकडची वही काढा. वाटेत दोन अडचणी ठरलेल्या. एक, मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. एकाच आईबापांचे दोन मानुएल दिसले तर मृत्यूच्या वहीत खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसरी, आईचं नाव एका मुलाच्या वेळी मरिया द जेझुश आणि दुसऱ्याच्या वेळी मरिया रोझा. नवरा, पत्ता आणि आजी-आजोबा तेच असतील तर बाई तीच.

गावं लहान, म्हणून नात्यात लग्नं पुष्कळ. चर्चचा नियम चौथ्या पायरीपर्यंतच्या नात्याला परवानगी घ्यायचा, आणि ती परवानगी लग्नाच्या नोंदीत पायरीसकट लिहिलेली असते. ‘तिसऱ्या पायरीच्या नात्यातून सूट’ असं दिसलं तर वधू-वरांचे पणजी-पणजोबा एक. दोन झाडं एकमेकांना कुठे मिळायला हवीत ते तुम्हाला आयतंच कळतं. याच कारणाने डीएनए चाचणीचे निकाल बेटवाल्यांच्या बाबतीत जवळचं नातं दाखवतात, प्रत्यक्षात ते लांबचं असतं, फक्त चार वाटांनी आलेलं. चाचणीपेक्षा वह्या बऱ्या.

ज्यांचे पूर्वज उशिरा आले त्यांच्यासाठी: पोर्तुगालमध्ये सरकारी नागरी नोंदणी 1911 च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. जन्माची नोंद शंभर, लग्नाची पन्नास आणि मृत्यूची तीस वर्षांनी अभिलेखागारात जाते. तोवर ती नोंदणी कार्यालयात. तिथला दाखला ऑनलाइन मागवला तर 10 युरो. पासपोर्टच्या नोंदवह्या पोन्ता देल्गादा, आंग्रा आणि होर्ता या तीन जुन्या जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत विचाराव्यात. पत्र पोर्तुगीजमध्ये, पाच ओळींचं, एका वेळी एकच प्रश्न असं पाठवलं की उत्तर लवकर येतं. पासपोर्ट सापडला नाही तर निराश होऊ नका. लष्करी सेवा चुकवायला कागदपत्रांशिवाय निघून गेलेले तरुण कमी नव्हते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सावधगिरी. वसईतल्या परेरा, डिमेलो, लोपीस या आडनावांवरून कुणी पोर्तुगीज पूर्वज शोधायला निघत असेल तर थांबा. ती नावं बहुतांशी धर्मांतराच्या वेळी धर्मगुरूची किंवा धर्मपित्याची म्हणून आली. वाडवडील इथल्याच मातीतले. मात्र वसईच्या किंवा गोव्यातल्या चर्चच्या पोर्तुगीज वह्या वाचायच्या असतील तर वर सांगितलेले ‘फिल्यु लेजितिमु’पासून ‘पाद्रिन्यु’पर्यंतचे शब्द आणि महिन्यांचे आकडे तसेच उपयोगी पडतात.

आता अडलेली शाखा. पणजीच्या आजोबांच्या नावापुढे आईबापांच्या जागी ‘एश्पोश्तु’ आहे, म्हणजे टाकून दिलेलं मूल. 1783 पासून पोर्तुगालमधल्या नगरपालिकांनी अशा मुलांसाठी भिंतीत बसवलेलं फिरतं लाकडी चाक ठेवायचं असा आदेश होता; बाळ बाहेरून ठेवायचं, चाक फिरवायचं, आत दाई घ्यायची. अशा नोंदीत पॅरिशची वही पुढे काहीच सांगत नाही. पण मुलं सांभाळायचा खर्च नगरपालिका करायची, म्हणून तिच्या हिशेबाच्या वह्यांत बाळ कुठल्या दिवशी मिळालं, अंगावर काय कपडे होते, चिठ्ठी किंवा खूण होती का आणि कुठल्या गावच्या दाईकडे दिलं हे लिहिलेलं असू शकतं. कधीकधी आई पुढे मूल परत न्यायला यायची, तेव्हा ती खूणच ओळख ठरायची. या वह्या ऑनलाइन दिसल्या नाहीत, म्हणून पोन्ता देल्गादाच्या अभिलेखागाराला बाप्तिस्म्याची तारीख, फ्रेगेझिया आणि पानाचा क्रमांक देऊन लिहिलं आहे. तोवर त्या गावच्या मृत्यूच्या वहीत दाईचं घर शोधणं चालू आहे.